सरकलेला ठिपका

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्प जोडीनं करायचा होता. सरांनी हजेरीपट पाहून जोड्या लावल्या आणि माझ्या वाट्याला तो आला. एका वर्गात बसूनही तोवर आमचं बोलणं फारसं झालं नव्हतं. तो कामठ्याकडच्या एका खेड्यातून बसनं गोंदियाला यायचा, पहिल्या बाकावर बसायचा आणि शेवटचा तास सुटला की बस पकडायला धावायचा. मी गोंदियातलीच. बाबा रेल्वेत रुळांच्या कामावर, आई अंगणवाडीत मदतनीस. आम्ही दोघी बहिणी. धाकटी माझ्याहून बरीच लहान, तेव्हा अकरावीत होती. ती लहानपणापासून सिकलसेलची पेशंट. आमच्या भागात हे नाव कोणाला समजावून सांगावं लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हातापायांत, पाठीत, पोटात अशी कळ निघते की मोठं माणूस गुरासारखं ओरडतं. धाकटी ओरडायची नाही. ती उशीचा कोपरा दातांत धरायची.

आमचा प्रकल्प होता लेसरच्या किरणानं द्रवाचा अपवर्तनांक मोजण्याचा. एखाद्या द्रवात शिरताना प्रकाश किती वाकतो, त्याचा तो आकडा. कृती ऐकायला सोपी. एक चौकोनी काचेची टाकी घ्यायची आणि तिच्यावर लेसर तिरपा सोडायचा. टाकी रिकामी असताना पलीकडच्या पडद्यावर लाल ठिपका जिथं पडेल तिथं खूण करायची. मग टाकीत द्रव भरायचा. किरण आत जाताना वाकतो, बाहेर पडताना पुन्हा आपली पहिली दिशा धरतो, पण तोवर थोडा बाजूला गेलेला असतो. ठिपका किती सरकला, टाकी आतून किती रुंद आहे आणि किरण किती तिरपा होता, एवढं कळलं की गणित करून आकडा निघतो.

टाकी आम्ही बाजारातल्या मासे ठेवायच्या काचपेट्या बनवणाऱ्याकडून करून घेतली. पहिलाच द्रव पाणी, कारण त्याचं उत्तर पुस्तकात असतं, एक पूर्णांक तेहतीस शतांश. आमचं उत्तर दीडच्या जवळ आलं. मी म्हटलं, हात हलला असेल. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्यानं पडदा उचलला आणि हातभर मागं नेला. ठिपक्याचं सरकणं वाढलं.

"हे वाढाले नाई पाहिजे," तो म्हणाला. "बाहेर निघालेला किरण पहिल्या किरणाले समांतर असला तर पडदा कुठंही ठेव, अंतर तेवढंच राहते."

"मग काऊन वाढलं?"

"टाकीच्या भिंती सरळ नाईत. एकीकडं तोंड जास्त उघडं हाये."

त्यानं ब्लेडनं सिलिकॉन कापलं आणि टाकी पूर्ण सुटी केली. दोन्ही बाजूंना सारख्या मापाच्या काचपट्ट्या लावून पुन्हा चिकटवली आणि दोन दिवस तिला हात लावू दिला नाही. मला त्याचा राग आला होता. बाकीच्या जोड्यांची अर्धी वाचनं झाली होती आणि आम्ही अजून डबाच बनवत होतो. पण तिसऱ्या दिवशी पाण्याचं उत्तर जवळपास पुस्तकातलं आलं, पडदा मागं-पुढं केला तरी हललं नाही, आणि मग मी त्याच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागले. एवढंच झालं होतं. नंतर मैत्रिणींनी विचारलं की तुझं कधी जुळलं, तेव्हा मला सांगण्यासारखं दुसरं काही आठवलं नाही.

डिसेंबरात थंडी वाढली आणि धाकटीला कळ सुरू झाली. सरकारी दवाखान्यात आठवडा गेला, रक्त चढवलं, मग घरी आणलं. आई अंगणवाडीत, बाबा कामावर, त्यामुळं दिवसा तिच्याजवळ मी. कॉलेजात जाणं बंद झालं. मी त्याला निरोप पाठवला की तू एकटाच कर. दुसऱ्या दिवशी तो पोत्यात गुंडाळलेली टाकी मांडीवर घेऊन सायकलरिक्षातून आमच्या दारात उतरला.

"सरांना विचारून आणली," तो म्हणाला. "अंधार कुठंही करता येते."

घरात अंधार करण्याजोगी एकच खोली होती, धाकटीची. तिला एकच खिडकी. तिच्यावर घोंगडी टांगली. टेबलावर टाकी, तिच्याखाली चांद्यानं अंश आखलेला गोल कागद, पुस्तकांच्या चळतीवर चिमट्यात धरलेला लेसर. पडदा म्हणून खाटेशेजारच्या भिंतीवर ग्राफ पेपर चिकटवला. ठिपका धाकटीच्या उशाशी पडू लागला. आम्हाला तो वाचायला वाकून जावं लागे आणि जाताना टेबलाला धक्का लागे. एकदा असं झाल्यावर ती पडल्या पडल्या म्हणाली, "मले सांगा न काय पाह्याचं ते. मी तर इथंच हाये."

त्यानं तिला नीट समजावलं. किरणाकडं पाहायचं नाही, फक्त कागदाकडं. ठिपका पसरट असतो, त्याचा मधला भाग धरायचा, आणि घाईनं आकडा सांगायचा नाही. त्या दिवसापासून वाचनं ती घेऊ लागली. तो नळी लावून हळूहळू द्रव सोडायचा, मी लिहायची, आणि ती अंधारातून आकडा सांगायची. साखरेचं पाणी नुकतंच ओतलेलं असलं की ते आत नीट मिसळलेलं नसायचं, ठिपका लांबट होऊन थरथरायचा. ती म्हणायची, "थांबा, अजून हालून राहिला." आम्ही थांबायचो. त्या थांबण्यात गप्पा व्हायच्या. ग्लिसरिन, रॉकेल, जवसाचं तेल, मोहाचं तेल, असं एकेक करत आम्ही घरात सापडेल ते मोजलं. मोहाच्या तेलाचा वास घोंगडीत बसला म्हणून आई चिडली. तरी चहा करून द्यायचीच, आणि त्याला "बाबू, जेवून जा" म्हणायची.

माझंही रक्त तपासलेलं होतं. धाकटीचं निदान झालं तेव्हाच घरातल्या सगळ्यांचं तपासलं होतं. आई-बाबा दोघंही वाहक, आणि मीही. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघं वाहक निघाले तर होणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नशिबी चारातला एक वाटा या आजाराचा असतो. आमचं जुळलं त्या पहिल्याच महिन्यात हे मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "आमच्या घरी कोणालेच नाई." तपासणी त्यानं कधी केली नव्हती. करण्याचं कारणही पडलं नव्हतं.

जानेवारीत त्याचे वडील आणि काका आमच्या घरी येऊन गेले. दोन्ही घरं बौद्ध, दोन्हीकडं पोरं शिकलेली, अडण्यासारखं काही नव्हतं. परीक्षा झाली की लग्न करायचं, असं तोंडी ठरलं. धाकटी त्याला आतापर्यंत भाऊ म्हणायची, ती त्या दिवसापासून जिजाजी म्हणू लागली. तो लाजायचा म्हणून मुद्दाम मोठ्यानं म्हणायची. "जिजाजी, तुमचा ठिपका सरकला," असं ती ओरडली की आई स्वयंपाकघरात हसायची. त्या महिन्यात तिला एकदाही कळ आली नाही.

मी त्याला म्हटलं, पत्रिका छापायच्या आधी रक्त तपासून घे. तो लगेच तयार झाला. त्याच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रात आम्ही दोघं गेलो. तिथल्या बाईंनी त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून एका नळीतल्या पाण्यासारख्या द्रवात सोडला आणि नळी हलवली. मागं काळ्या रेघा आखलेला कागद धरायचा, एवढीच ती तपासणी. द्रवातून रेघा दिसल्या तर रक्त साफ. द्रव गढूळ होऊन रेघा बुजल्या तर सिकल. आम्ही दोघं बाकावर बसून होतो. बाईंनी कागद धरला तेव्हा तो उठून जवळ गेला आणि टाकीसमोर वाकायचा तसाच वाकला. मी जागची उठले नाही. त्याच्या पाठीकडं पाहूनच मला कळलं.

"मॅडम, एकदा अजून करून पाहता का?" तो म्हणाला.

त्यांनी केली. नवी नळी, नवा थेंब. तो पुन्हा वाकला. मग त्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला स्वतःला काही त्रास नसला तर वाहकच असाल. पक्कं कळायला नागपूरला रक्त पाठवू."

नागपूरहून उत्तर यायला काही आठवडे लागले. त्या काळात आम्ही वाचनं पूर्ण केली, आलेख काढले, टाकी कॉलेजात परत नेली. एकमेकांशी नीट बोलत होतो. तो पक्का होता की दुसरं उत्तर वेगळं येईल. पाण्याचं पहिलं उत्तर चुकीचं आलं होतं तसं. मला तसं वाटत नव्हतं. उत्तर तेच आलं. तो वाहक होता, माझ्यासारखाच.

त्या रविवारी तो घरी आला. आई-बाबा एका मंगल परिणयाला गेले होते. धाकटी आत झोपली होती. आम्ही ओसरीत बसलो. दार उघडंच होतं.

"मी डॉक्टरले विचारून आलो," तो म्हणाला. "पोटात असतानाच तपासता येते. नागपुरात नाई तर मुंबईले. सुरुवातीच्याच महिन्यात कळते."

"आणि निघालं तर?"

 तो खाली पाहून म्हणाला, "तर नाई ठेवायचं. पुढच्या वेळी पाहू."

"आणि पुढच्या वेळीही निघालं तर?"

"काऊन असं बोलून राहिली तू? चारातला एक म्हणतात. तीन वाटे तर चांगले हायेत न."

आतून धाकटीनं हाक मारली. "ताई, पाणी दे."

मी तांब्या-पेला घेऊन आत गेले. ती उठून बसली होती. तिनं सगळा पेला सावकाश संपवला, मला परत दिला आणि विचारलं, "आईले तवा माहीत असतं, तर मले ठेवलं नसतं न?"

तिच्या आवाजात राग नव्हता. डोळ्यांत पाणीही नव्हतं. ठिपका कुठं आहे हे विचारल्यावर ती जशी नीट पाहून सांगायची, तसंच नीट पाहून तिनं हे विचारलं होतं.

"असं नाई," मी म्हटलं.

"मग कसं?"

 मी पेला हातात धरून उभी राहिले. मागं वळून पाहिलं तर तो दारात उभा. त्यानं ऐकलं होतं. तो आत आला, खाटेच्या कडेला बसला आणि तिला म्हणाला, "माझं चुकलं. तुझ्याबद्दल नव्हतो बोलत मी."

"माझ्याबद्दलच होतं, भाऊ," ती म्हणाली. जिजाजी म्हणाली नाही. "पण तुमचं चूक नाई. दुखते तवा मलेही वाटते की मी नसती तर बरं होतं. पण रोज नाई वाटत."

तो गेला. जाताना मी फाटकापर्यंत गेले. दोघांनीही काही ठरवलं नाही, लग्नाला नाही असंही कोणी म्हटलं नाही. पण पुढच्या रविवारी तो आला नाही, आणि मीही काऊन नाही आला असं विचारलं नाही. होणाऱ्या लेकराला ठेवायचं की नाही, हे मी तिच्या समोरच्या खोलीत बसून कसं ठरवलं असतं? आणि न ठरवता लग्न करून, उशीचा कोपरा दातांत धरणारं आणखी एक लेकरू घरात कसं आणलं असतं? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. मला कुठूनच वाट दिसली नाही. बाबांनी त्याच्या वडिलांना जाऊन सांगितलं. त्यांनीही समजून घेतलं. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काही होतं, असं बाबा म्हणाले. मला त्याचा राग आला नाही.

तोंडी परीक्षा मात्र दोघांना मिळूनच द्यायची होती. एप्रिलच्या उन्हात आम्ही प्रयोगशाळेत टाकीच्या दोन बाजूंना उभे राहिलो. बाहेरगावहून आलेले परीक्षक वयस्कर होते, शांतपणे ऐकत होते. त्यांनी विचारलं की भिंती समांतर आहेत हे कशावरून, आणि त्यानं पडदा मागं नेऊन दाखवला. त्यांनी विचारलं की दर द्रवाची इतकी वाचनं कशाला, आणि मी उत्तर दिलं. त्याचं वाक्य अडलं की मी पुरं करत होते, माझं अडलं की तो. सवय होती ती. परीक्षक सरांकडं वळून म्हणाले, "मुलांनी मन लावून काम केलंय. वाचनं फार स्वच्छ आहेत. कोणी घेतली?"

तो म्हणाला, "हिच्या बहिणीनं." परीक्षक हसले. त्यांना ती गंमत वाटली असावी. त्यानं मात्र अहवालाच्या शेवटी आभारात तिचा उल्लेख केला होता, ते मला तिथंच कळलं. मी बाहेर आले आणि नळावर तोंड धुतलं, पुन्हा धुतलं.

त्याला देवरीकडं एका कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली. दोनेक वर्षांनी त्याचं लग्न झालं, मुलीचं रक्त आधी तपासून. आम्हाला पत्रिका आली होती. बाबा जाऊन आले. मला नागऱ्याच्या पुढं एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा मिळाली. स्थळं येत होती. त्यांच्यातले काही तपासणीला तयार नव्हते. जे तयार झाले आणि साफ निघाले, त्यांच्याकडूनच मग धाकटीबद्दल विचारणा व्हायची, तिचं पुढं कोण पाहणार म्हणून. मी नाही म्हणत गेले. आई आधी भांडायची, मग तिनं भांडणं सोडलं.

धाकटी बी.ए. झाली. जवळच्या एका संगणक केंद्रात टायपिंग शिकवू लागली. तिथल्या पोरी तिच्यावर जीव टाकायच्या. ती पायात मोजे घालून, पाण्याची बाटली घेऊन चालत जायची, आणि ज्या दिवशी जमत नसे त्या दिवशी त्या पोरीच घरी येऊन बसायच्या. कळा येत होत्या. दोन कळांमधले दिवस आम्ही मोजत नव्हतो, ते तसेच घालवत होतो.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला एकदा सुचलं. निदान तेव्हा तसं वाटलं. आम्ही दोघी अंगणात गहू निवडत बसलो होतो. मी म्हटलं, "तुले आठवते, तू मले विचारलं होतं? आईले माहीत असतं तर तुले ठेवलं असतं का?"

"आठवते न."

"मी असती आईच्या जागी, तर ठेवलं असतं."

ती सुपातले खडे बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "आता म्हणून काय होते, ताई. आता तर तू मले ओळखते."

ती हसतच म्हणाली. मीही हसले. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तिला खोकला झाला. दोन दिवसांत श्वास लागला. या वेळी कळ छातीत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. रक्त लावलं, प्राणवायू लावला. दुपारी ती जरा बरी वाटली. आईला म्हणाली, तू घरी जाऊन आंघोळ करून ये. आई गेली. मी जवळ बसून होते, तिचा हात माझ्या हातात होता. ती मला संगणक केंद्रातल्या एका पोरीचं काहीतरी सांगत होती. तिला नोकरी लागली होती की लागणार होती. अर्ध्यात ती थांबली. मला वाटलं दम लागला. मी म्हटलं, थांब, सावकाश सांग. नर्स धावत आल्या. आई परत आली तेव्हा तिचे केस ओलेच होते.

धाकटीच्या जलदान विधीला तो आला. सोबत बायको होती, कडेवर लहान मुलगी. तो बाबांजवळ बसला, आईच्या पाया पडला. त्याच्या बायकोनं स्वयंपाकघरात जाऊन बायकांबरोबर भांडी घासली, कोणी सांगितलं नसताना. माझ्याशी तो फार बोलला नाही. निघताना म्हणाला, "काही लागलं तर सांग." मी म्हटलं, सांगीन. त्याची मुलगी झोपली होती, तिचं डोकं त्याच्या खांद्यावर घसरत होतं आणि तो ते पुन्हा पुन्हा सावरत होता.

पाहुणे गेले. घरात आम्ही तिघं उरलो. बाबा कामावर जाऊ लागले, मी शाळेत. धाकटीच्या खोलीचं दार आई लोटून ठेवायची. झाडायला आत गेली की तिथंच बसून राहायची आणि मी शाळेतून येईपर्यंत चूल पेटलेली नसायची. एक दिवस मी आले तर तिनं खोली पुसली होती, खाटेवर धुतलेली चादर घातली होती, आणि माझी पुस्तकं ओसरीतून उचलून आत आणून ठेवली होती.

"आजपासून तू इथं झोपत जा," ती म्हणाली. "रिकामी राहिली तर मले आत जाणं होत नाई. कोणी असलं तर येता येते."

मी माझी उशी आणली. तेव्हापासून ती खोली माझी आहे. सकाळी आई चहा घेऊन आत येते आणि खाटेच्या पायथ्याशी बसते. आम्ही चहा पितो, शाळेचं, भाजीचं काहीबाही बोलतो. मग ती कप उचलते आणि अंगणवाडीला जाते.